अपुरा राहिलेला डाव

मनुष्याने एकदा भोगलेल्या सुखाकडे बुद्ध्या परत जावे काय, आणि गेलाच तर त्या जाण्याला आसक्ती म्हणावे की उपासना, या प्रश्नाचा आपल्या शास्त्रकारांनी राज्य, यौवन, स्वर्ग इत्यादी भारदस्त विषयांच्या अनुषंगाने पुष्कळ खल केला आहे. परंतु चाळिशी ओलांडलेला, केस विरळ झालेला, बँकेचे हप्ते बिनबोभाट भरणारा एक सद्गृहस्थ चवथीच्या सुटीत पेडणे महालातील आपल्या वडिलार्जित घराच्या माळ्यावरून धुळीने माखलेले प्लास्टिकचे एक खोके खाली उतरवितो, आणि त्यातला ‘मारियो’ अजून चालतो की नाही याची खातरजमा करून घेण्यासाठी अर्धी रात्र जागतो, या प्रकरणाची नोंद कोणत्याही स्मृतिग्रंथात आढळत नाही. विषय क्षुल्लक आहे हे मला कबूल आहे. तथापि क्षुल्लक विषयांना प्रतिष्ठेचे कुंपण नसते, त्यामुळे विचाराला त्यांच्यात कोठूनही शिरता येते. म्हणून ज्यांना हा निव्वळ पोरखेळ वाटेल त्यांची तक्रार आगाऊच दाखल करून घेऊन मी पुढे जातो.

हे परत जाणे आमच्या एका घराण्यापुरते मर्यादित नाही. ज्या जपानी कंपनीने ते यंत्र मूळ घडविले त्या निन्तेंदोने २०१६ साली तेच यंत्र तळहातावर मावेल एवढे लहान करून, त्यात तीस जुने खेळ भरून पुन्हा विक्रीस काढले आणि ते हातोहात खपले. त्याच्या कितीतरी आधी, १९९७ पासूनच, नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या यंत्रांचे वर्तन साध्या संगणकात जसेच्या तसे उतरविण्याचा उद्योग एका इटालियन संगणकतज्ज्ञाने आरंभिला, आणि पुढे जगभरच्या हौशी लोकांनी तो असा नेटाने चालविला की, एखाद्या जीर्ण दफ्तराच्या नकला उतरविणाऱ्या कारकुनांची निष्ठा त्यापुढे फिकी पडावी. यांपैकी बहुतेकांना त्या खेळांपासून कवडीचा लाभ नाही. नव्या खेळांची चित्रे अधिक देखणी, आवाज अधिक भरीव आणि कथा अधिक गुंतागुंतीच्या असताना ही माणसे चौकोनी ठोकळ्यांनी रचलेल्या एका मिशाळ नळकाम्याकडे का वळतात, याचे ‘लहानपणाची आठवण’ हे उत्तर सर्वत्र दिले जाते. ते खोटे नाही. पण ते इतके लवकर मिळते की त्याच्यावर विश्वास ठेवण्यास माझे मन धजत नाही.

आमच्याकडे ही यंत्रे राजमार्गाने आली नाहीत. कुणाचा काका आखातात नोकरीला असे, कुणाचा मामा बोटीवर असे, आणि त्यांच्या पेटीतून साबण, चॉकलेटे व अत्तराच्या बाटल्या यांच्या संगतीने एखादे यंत्र निघे. ज्यांना असे आप्त लाभले नव्हते त्यांच्या वाट्याला म्हापशाच्या बाजारातली स्वस्त नक्कल येई. मूळ यंत्र १९८३ साली जपानात ‘फॅमिकॉम’ या नावाने निघाले होते, हे आम्हांला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमच्या लेखी तो ‘टीव्ही गेम’. त्यात खुपसावयाची वडी ती ‘कॅसेट’, हातात धरावयाची फळी तो ‘रिमोट’, आणि प्राण गेला की ‘लाइफ गेली’. ज्यांच्या घरी काहीच नव्हते त्यांच्यासाठी डिचोलीच्या बाजारात एका शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत तासाच्या हिशेबाने खेळावयास मिळे. ते दिवस खाणींच्या भरभराटीचे. खनिज भरलेले ट्रक सारमानसच्या धक्क्याकडे दिवसभर धावत, आणि त्यांची तांबडी धूळ त्या खोलीतल्या पडद्यावर, खुर्च्यांवर आणि विशेषेकरून त्या रिमोटच्या बटणांभोवतीच्या खाचांत अशी जाऊन बसे की, तासभर खेळून बाहेर पडलेल्या मुलाचे दोन्ही अंगठे घरी पुरावा म्हणून सादर करता येत. मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मुदत संपल्याची वर्दी देई. त्या वर्दीवर अपील नव्हते.

कॅसेटींचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्यांच्या वेष्टनावर ‘९९९९ खेळ’ असा आकडा छापलेला असे, आणि यादी उघडली की पानांमागून पाने नावे सरकत. परंतु थोडे दिवस गेले की ध्यानात येई की आत खेळ मोजून पाचसात, आणि बाकीची सगळी त्यांचीच नामांतरे: एका ठिकाणी मारियो जरा उंच उडी मारी, दुसऱ्या ठिकाणी आरंभच तिसऱ्या टप्प्यापासून होई, इतकाच काय तो भेद. नामरूपांचा पसारा मिथ्या असून तत्त्व एकच आहे हा सिद्धान्त आम्हांला कीर्तनकारांच्या आधी त्या फसव्या कॅसेटीने शिकविला, असे म्हटल्यास वेदान्ती मंडळींनी रागावू नये.

आता त्या रात्रीचे. माळ्यावरचे यंत्र अर्थातच मृत झाले होते; त्याच्या तारांवर उंदरांनी आपला हक्क रुजू केला होता. पण माझ्या आतेभावाचा मुलगा पुण्याहून मोप्याच्या विमानतळावर उतरून चवथीसाठी आला होता, त्याने आपल्या लॅपटॉपमध्ये तोच खेळ पाच मिनिटांत उभा केला आणि टीव्हीला जोडून दिला. पलीकडच्या खोलीत माटोळीखाली गणपती, समईचा उजेड, आणि अलीकडे आम्ही तिघे पोक्त भाऊ जमिनीवर मांडी घालून. माझी पाळी आली. पहिल्याच टप्प्यात, चौथे नळकांडे ओलांडल्यावर आणि पहिला खड्डा येण्यापूर्वी, जेथे पडद्यावर निळ्या आकाशावाचून काहीही नव्हते अशा जागी माझ्या अंगठ्याने माझ्या परवानगीवाचून उडी मारली. तत्क्षणी रित्या हवेतून एक वीट प्रकट झाली आणि तिच्यातून हिरव्या टोपीचे अळमे बाहेर पडून घरंगळत चालले. एक जादा प्राण! (पेडण्याच्या बाजारात श्रावणात अळम्यांचा जो भाव असतो तो पाहता हा सौदा स्वस्तच म्हणावयाचा.) तेथे काही दडलेले आहे याची मला आठवण नव्हती. कुणी शपथेवर विचारले असते तरी मी नाहीच म्हटले असते. तर्कसंग्रहकार अन्नंभट्ट सांगतात की केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान ती स्मृती; पण येथे संस्कार होता आणि त्यापासून ज्ञान न होता थेट कृतीच झाली. मनाचे दफ्तर जळून गेले तरी शरीराच्या बारनिशीत नोंद शाबूत राहते असा याचा अर्थ घ्यावा लागतो, आणि पुनर्जन्म मानणाऱ्या माणसाला ही गोष्ट जितकी दिलासा देणारी तितकीच भेडसावणारी वाटली पाहिजे. कारण आणखी कोणकोणत्या रिकाम्या जागी आपला अंगठा आपल्या नकळत उड्या मारीत असेल, याचा थांग कोण लावणार?

परंतु जो खेळ मी त्या रात्री खेळलो तो तोच होता काय? वस्तूच्या एकत्वाचा हा वाद आपल्याकडे नैयायिक आणि बौद्ध यांच्यात शतकानुशतके चालला. बौद्धांचे म्हणणे असे की वस्तुमात्र क्षणिक आहे. दिव्याची ज्योत रात्रभर तीच आहे असे आपण समजतो, कापलेले केस पुन्हा वाढले म्हणजे ‘तेच केस’ म्हणतो, परंतु तेथे एकत्व नसून केवळ सादृश्य असते. नैयायिकांनी उत्तर दिले की ‘हा तोच’ ही ओळख जोवर खोटी ठरत नाही तोवर ती प्रमाण मानलीच पाहिजे. आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात निराळाच पेच टाकला की, अनुभवणारा व आठवणारा एकच नसेल तर आठवण घडावी कशी? या वादात उभय पक्षांनी ज्या उदाहरणांवर भिस्त ठेवली ती ज्योत, नदी, घट, देवदत्त ही सर्व झिजणारी, वाहणारी, वाढणारी होती. म्हणून फैसला कधी झाला नाही. व्हिडिओ गेमने या जुन्या मुकदम्यात एक अपूर्व साक्षीदार हजर केला आहे. १९८५ च्या सप्टेंबरात जपानात प्रसिद्ध झालेला ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा सबंध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांचा आहे. सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभाताच्या एका फुलाच्या चित्राला कित्येकदा याहून अधिक जागा लागते. त्या ४० किलोबाइटांतला एकही अंक झिजलेला नाही. पहिला शत्रू त्याच क्षणी, त्याच उजव्या कडेने, त्याच चालीने येतो. तो म्हातारा झालेला नाही, दमलेला नाही, आणि इतक्या वेळा चिरडला जाऊनही शहाणा झालेला नाही. तेव्हा खेळाच्या बाबतीत नैयायिक जिंकले आणि खेळणाऱ्याच्या बाबतीत बौद्ध. माझ्या दृष्टीने या निकालात नवे आहे ते एवढेच की, आजवर माणूस परत जाई तेव्हा गाव आणि माणूस दोघेही बदललेले असत, आणि दोषाची वाटणी परस्पर होऊन जाई. या खेळापुढे मात्र बदललेला मीच एकटा उरतो, आणि सबब सांगावयास जागा राहत नाही.

येथे कुणी आक्षेप घेईल की यंत्र तर ते नव्हते. कॅसेट नव्हती, ती बिघडल्यावर तोंडाशी धरून घालावयाची फुंकर नव्हती, मग तोच खेळ कसा म्हणावा? गोमंतकातल्या माणसाला हा आक्षेप फारसा बोचू नये. डिचोली महालातील नार्वे गावचा सप्तकोटेश्वर मूळचा तेथला नव्हे. तो कदंब राजांचा देव, मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज अमलात त्याचे देऊळ मोडले, लिंग एका विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले गेले असे परंपरा सांगते, मग भाविकांनी ते नदीपार डिचोलीत आणले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे देऊळ बांधविले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. स्थान बदलले, भिंती बदलल्या, आणि तरी दर्शनास जाणाऱ्या एकाही भक्ताने आपण दुसऱ्याच कुणाच्या पाया पडत आहोत अशी शंका काढली नाही. ज्या भूमीत देवच असे घर बदलून नांदले तेथे कॅसेटीतला मारियो लॅपटॉपमध्ये राहावयास गेला म्हणून परका ठरत नाही. मात्र एक फरक सांगितलाच पाहिजे: देव हलले तेव्हा त्यांच्याबरोबर महाजन, पुजारी, घराणी यांचा सगळा लवाजमा हलला. खेळ हलला तेव्हा त्याच्याबरोबर कुणी आले नाही. त्या डिचोलीच्या खोलीत पाठीमागे उभी राहून आपल्या पाळीची वाट पाहणारी, खेळणाऱ्याच्या मानेवर श्वास टाकणारी, प्रत्येक चुकीवर हळहळणारी आणि मनातून आनंदणारी जी सातआठ पोरे असत, ती कोणत्याही फाइलीत उतरविता येत नाहीत.

मग ओढ कशाची? पातंजल योगशास्त्राचे उत्तर ठरलेले आहे: भोगलेल्या सुखाच्या पाठोपाठ जो चिकटून राहतो तो राग, आणि तो पाच क्लेशांपैकी एक. हे उत्तर मला येथे लागू पडताना दिसत नाही, कारण ते खेळ मुळी सुखाचे नव्हतेच. प्रामाणिकपणे आठवून पाहिले तर आमच्या त्या खेळण्याचा सारा इतिहास हा पराभवांचा इतिहास होता. मारियोत आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस. आणि त्या यंत्रात डाव जपून ठेवण्याची कोणतीही सोय नव्हती. आई जेवावयास हाक मारी, मालक वर्दी देई, किंवा लाइट जाई (डिचोलीत पावसाळ्यात लाइट जाण्यास प्रत्यक्ष पाऊस पडावाच लागे असे नाही), आणि पाचव्या जगापर्यंत आलेला माणूस पुन्हा पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यावर उभा राही. त्यातून खेळ रचणाराही खट्याळ: पहिल्या सातही जगांच्या शेवटी किल्ला जिंकावा, राक्षसाला खाली पाडावे, आणि पुढे जाऊन पाहावे तो राजकन्येच्या जागी भलताच कुणी उभा, आणि राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचा निरोप. मी लहानपणी ती राजकन्या कधी पाहिली नाही. आमच्या ओळखीच्या मुलांपैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. पाहिल्याचे सांगणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या कैफियतींत मेळ नसे.

म्हणून माझी समजूत अशी झाली आहे की माणसाला मागे ओढते ते भोगलेले सुख नव्हे, अपुरा राहिलेला डाव. आपल्या परंपरेत जीवाला पुन्हा जन्मास आणणारी जी वासना सांगितली आहे तिचे स्वरूपही असेच आहे: पुरे झालेले कर्म फळ देऊन शांत होते, उरलेली इच्छा मात्र दार शोधीत फिरते. आणि आजच्या नकली यंत्राने या इच्छेला एक असे दार उघडून दिले आहे की जे पूर्वी कोणत्याही देवाने उघडले नसते. त्यात डाव कोणत्याही क्षणी जसाच्या तसा जपून ठेवता येतो, चूक झाली की एक कळ दाबून काळ मागे फिरविता येतो, आणि खड्ड्यात पडलेला मारियो उलट्या चालीने पुन्हा काठावर येऊन उभा राहतो. कर्माला परिणामच नाही, असे हे एक चमत्कारिक विश्व आहे.

माझ्या थोरल्या आतेभावाने त्या रात्री याच कळेचा आश्रय केला. मध्यरात्र उलटल्यावर तो आठव्या जगाच्या चौथ्या टप्प्यात, त्या चक्रव्यूहासारख्या किल्ल्यात शिरला, दर दोन पावलांवर काळ मागे फिरवीत शेवटच्या पुलावरून पलीकडे गेला, आणि पडद्यावर राजकन्या आली. आभाराच्या दोन ओळी उमटल्या, शोध संपला असे तिने सांगितले, आणि लगेच खेळ पुन्हा पहिल्यापासून, थोड्या अधिक कठीण स्वरूपात, खेळण्याची तयारी दाखवू लागला. भाऊ क्षणभर रिमोट तसाच धरून बसला. नंतर त्याने तो खाली ठेवला आणि उद्या सकाळी नेवऱ्यांचे सारण कुणी करायचे ते विचारले. पुढल्या चार दिवसांत तो त्या टीव्हीकडे फिरकला नाही. धाकटा आणि मी मात्र तिसऱ्याच जगात अडखळत, कळ न दाबता, विसर्जनापर्यंत रोज रात्री भांडत होतो.

थोरल्याचे वर्तन मला ययातीची आठवण करून देते. महाभारतातील त्या राजाने पुत्राचे तारुण्य मागून घेतले ते काही नवे भोग भोगण्यासाठी नव्हे. तृप्तीचा हिशेब कधीतरी पुरा होईल या समजुतीने त्याने ती मुदतवाढ मिळविली, आणि सहस्र वर्षांनंतर तो अशा निष्कर्षास आला की भोगाने इच्छा शमत नाही, तूप घातलेल्या अग्नीसारखी ती वाढते. या राजाला मराठीत घराघरांत पोचविणारे वि. स. खांडेकर हे १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते; आमच्या पेडण्याच्या उत्तर सीमेवर तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडे जवळच. त्यांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, आणि ज्ञानपीठ पुरस्काराने तिची कीर्ती मराठीच्या सीमा ओलांडून गेली. पण ययातीचा निष्कर्ष मला येथे अर्धाच पटतो. माझ्या भावाची इच्छा तूप घातल्यासारखी भडकली नाही; ती विझली. काळ मागे फिरविण्याची सोय असली की भोग पुरा होतो आणि इच्छा खरोखरीच संपते. वैराग्य येते म्हणा ना! प्रश्न इतकाच की हे वैराग्य कोणत्या प्रतीचे आहे, आणि त्यात हरपले काय. ययातीला निदान सहस्र वर्षे तरी लागली.

या ठिकाणी मला पेडण्याच्या पुनवेचा दाखला द्यावासा वाटतो. आश्विनी पौर्णिमेला, दसऱ्यापासून चालत आलेल्या उत्सवाची सांगता होते त्या रात्री, भगवतीच्या देवळापाशी रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात आणि लांबलांबच्या गावांहून माणूस लोटतो. भूतनाथाला देऊळ नाही. त्याची मागणी अशी की देऊळ बांधावयाचे ते एका रात्रीत पुरे झाले पाहिजे. ते कधी झाले नाही, आणि म्हणून तो उघड्यावरच राहिला, अशी कथा सांगतात. पुनवेच्या रात्री तो आपले देऊळ कोठे आहे म्हणून जाब विचारतो, रागावून रानाकडे धाव घेतो. भक्त त्याची मनधरणी करतात, बांधून देऊ असे वचन देतात, आणि तो परत येतो. पुढल्या वर्षी पुन्हा तीच मागणी, तोच राग, तेच वचन.

माझ्या परिचयाचे एक वकील या प्रकाराला देवाची फसवणूक म्हणतात. पाळावयाचे नाही असे वचन साल दरसाल देणे, हा त्यांच्या शास्त्राप्रमाणे गुन्हाच ठरतो, आणि दस्तऐवज म्हणून पाहिले तर त्यांचे खरेही आहे. परंतु मीमांसकांनी कर्माचे जे प्रकार मानले आहेत त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. काम्य कर्म हे फळासाठी. पुत्रप्राप्ती झाली, पाऊस पडला, की त्याचे प्रयोजन सरले. नित्य कर्म हे फळासाठी नव्हेच; संध्या कालही केली, आज केली, उद्याही करावयाची, आणि ‘माझी संध्या एकदाची पुरी झाली’ असे म्हणणारा माणूस तिचे स्वरूपच जाणत नाही. भूतनाथाचे देऊळ वरकरणी काम्य दिसते, पण आहे नित्य. मागणाऱ्याला आणि वचन देणाऱ्यालाही ते ठाऊक आहे. बापाच्या खांद्यावर बसून ज्याने हा राग पाहिला तो पुढे स्वतः मनधरणी करणाऱ्यांत उभा राहतो, आणि मग त्याच्या खांद्यावर दुसरे कुणी बसते. मागणी तीच, तरी तीत बदललेल्या माणसाला त्याच्या वयाप्रमाणे जागा आहे. सप्तकोटेश्वराबरोबर जो लवाजमा हलला आणि मारियोबरोबर जो हलला नाही, तो येथे दरसाल नव्याने जमतो.

खेळांतही हा भेद दाखविता येतो. मारियो हा काम्य; त्याला राजकन्या आहे. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने रचलेला ‘टेट्रिस’ हा नित्य. वरून ठोकळे पडत राहतात, ओळी पुऱ्या झाल्या की नाहीशा होतात, जिंकणे नावाचा पदार्थच त्यात नाही, आणि खेळणारा कितीही निष्णात असला तरी अखेरीस हरतोच. निन्तेंदोने तो आपल्या यंत्रासाठी १९८९ साली काढला, आणि चौतीस वर्षे कुणाही माणसाला त्याचा शेवट गाठता आला नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने तो इतका लांबविला की शेवटी यंत्रच गोंधळून थिजून गेले. बातमी वाचून लोकांनी त्या मुलाचे कौतुक केले ते रास्तच. मला मात्र क्षणभर त्या खेळाबद्दल हळहळ वाटली. ‘पॅकमॅन’च्या २५६ व्या पडद्यावरही असेच घडते; मोजण्याची जागा अपुरी पडून अर्धा पडदा चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो. यंत्राने रचलेले नित्य कर्म केव्हातरी आकड्यांच्या मर्यादेवर आपटणार, हे त्याचे विधिलिखितच म्हणावयाचे.

तेव्हा जुन्या खेळाकडे परत जाणे ही आसक्ती की उपासना, याचे माझे उत्तर खेळावर नव्हे, तर परत जाणारा कोणत्या बुद्धीने जातो यावर अवलंबून आहे. जो शेवट गाठून हिशेब मिटविण्यासाठी जातो त्याचे जाणे काम्य. त्यात पाप नाही, पण एका रात्रीत देऊळ बांधून मोकळे होण्याची ती घाई आहे. जो अपुरेपण तसेच ठेवून, हरण्याची तयारी ठेवून, शक्य तर शेजारी कुणाला बसवून जातो, त्याच्या जाण्याला मी निःशंकपणे उपासनेच्या पंक्तीस बसवीन. या मताप्रमाणे मी घरात एक निर्बंधही जाहीर केला, की आठव्या जगाचे प्रकरण माझ्यापुरते बेमुदत तहकूब आहे आणि ती काळ मागे फिरविण्याची कळ कुणी मला दाखवू नये.

पुण्याच्या त्या पुतण्याला हा सारा युक्तिवाद ऐकविला तेव्हा त्याने तो अदबीने ऐकून घेतला आणि म्हणाला की काका, या हिशेबाने आमचे खेळ तर तुमच्यापेक्षा धार्मिक ठरतील, कारण त्यांना शेवटच नसतो; कंपनी दर थोड्या महिन्यांनी नवा हंगाम काढते, आणि शेकडो मैलांवरचे मित्र रोज रात्री ठरलेल्या वेळी त्यात येऊन मिळतात. मी त्याला बजावले की हे नित्य कर्म खरे, पण याचा पुरोहित दर हंगामाला दक्षिणा घेतो, आणि ज्या दिवशी तो आपले यंत्र बंद करील त्या दिवशी तुझे सगळे तीर्थ आटेल. आमची निदान कॅसेट माळ्यावर राहिली आणि आतला खेळ दुसऱ्या देहात उतरविता आला, तुला तीस वर्षांनी परत जावेसे वाटले तर तू कोठे जाशील? त्याने फारसा विचार न करता सांगितले, “काका, आम्ही तिथे खेळायला थोडेच जमतो? खेळ नुसता चालू असतो. आम्ही गप्पा मारत असतो.”